रडार ‘पाठलाग’ करत नाही

रत्नागिरीहून विचारणा आहे : १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते आणि मिरकरवाड्याच्या होड्या घोळक्याने बाहेर पडतात, तेव्हा किनाऱ्यावरचं रडार त्यांचा ‘पाठलाग करतं’ म्हणावं की ‘मागोवा घेतं’?

पाठलागाला पाय लागतात. रडार जागचं हलत नाही. वर बातम्यांत ‘लक्षाचा पाठलाग’! लक्ष म्हणजे ध्यान. नेम धरतात ते लक्ष्य.

शब्द आहे ‘माग’. तो संस्कृत ‘मार्गा’वरून आणि मार्ग ‘मृगा’वरून. मृग म्हणजे मुळात कोणतंही रानजनावर, म्हणून तर सिंह मृगेंद्र. जनावराच्या पावलांची ओळ तो मार्ग. रस्ता हा अर्थ मागाहूनचा. शोध घेणं ते मार्गण, आणि आपलं ‘मागणे’ त्याच घरातलं. काही टीकाकार मार्ग ‘मृज्’ धातूवरून लावतात : पायांनी घासली जाते ती वाट. मला हे साफ अमान्य आहे. घासलेली वाट साऱ्या गावाची असते, माग एकाच जनावराचा.

रडारची सगळी अडचण याच ‘एकाच’मध्ये आहे. रडार रेडिओलहरींचा झोत तुकड्यातुकड्याने सोडतं. त्यातला एक तुकडा, म्हणजे स्पंद, एक मायक्रोसेकंदाचा असेल, तर एका रेषेत १५० मीटरच्या आत असलेल्या दोन होड्यांचा एकच ठिपका दिसतो. शलाका, म्हणजे त्या झोताची रुंदी, एक अंशाची असेल, तर १० किलोमीटरवर आडव्या अंगाने १७५ मीटरपर्यंत तीच गत. अँटेना तीन सेकंदांत एक फेरी मारते, तेवढ्यात आठ नॉटची होडी १२ मीटर सरकते. पुढचा ठिपका कुठे पडेल ते ताडून त्याभोवती हद्द आखतात. तिला ‘गेट’ म्हणतात, म्हणून मराठीत ‘दार’ करू नका. कोकणात गडगा आहे, आवाराभोवतीचं दगडी कुंपण! दोन गडगे एकमेकांत शिरले की जवळचा ठिपका उचलणारी रीत फसते आणि होड्यांच्या मागांची अदलाबदल होते. हद्दीतल्या सगळ्या ठिपक्यांची संभाव्यतेनुसार सरासरी काढली, तर दोन्ही माग एकमेकांकडे ओढले जाऊन चिकटतात. संशोधक डोनाल्ड रीड यांनी १९७९मध्ये मांडलेली रीत मला सर्वांत पटते : निवाडा लगेच करायचा नाही, प्रत्येक शक्य जोडणी जिवंत ठेवायची आणि पुढच्या फेऱ्यांत खोटी पडेल ती छाटायची. छाटणीत हयगय झाली, तर शक्यतांच्या गर्दीत संगणक गुदमरतो. शिकारीही पावलं मिसळली की पुढच्या मोकळ्या जमिनीवर जाऊन ठरवतो.

‘मागोवा’ आता वर्षभराच्या घडामोडींचा घेतात. तो तिथेच राहू द्या. पाचपैकी तीन फेऱ्यांत ठिपका दिसला, म्हणजे तो लाटेचा नाही, तर माग लागला. पुढे दिसेनासा झाला, तर माग सुटला.