जुने संगणक द्यायचे कुणाला?

प्रश्न : आमच्या शाळेत ४० बंद संगणक, काही जुने काचेचे मॉनिटर आणि यूपीएस पडून आहेत. एक कंपनी सगळे फुकट नेऊन ‘सरकारमान्य’ प्रमाणपत्र देऊ म्हणते. विश्वास ठेवावा का?
– मुख्याध्यापिका, सातारा

उत्तर : प्रमाणपत्राआधी नोंदणी बघा. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार रिसायकलरची (जुन्या वस्तू तोडून धातू वगैरे काढणाऱ्याची) नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर हवी. कारखाना महाराष्ट्रात असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्रही मागा. त्यातला पत्ता, मुदत आणि वर्षाला किती टन कचरा हाताळायची परवानगी आहे, हे तिन्ही वाचा. नोंदणी ‘रिफर्बिशर’ची, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याची असेल, तर त्यांना वस्तू दुरुस्त करून विकता येतात, तोडून धातू काढण्याची ती परवानगी नव्हे. कामाच्या पद्धतीचे आयएसओ प्रमाणपत्र दाखवतात तेही परवाना नसते.

फसगत बहुधा वाहतुकीत होते. टेम्पो घेऊन येणारा नुसता गोळा करणारा असतो आणि माल तिसऱ्याच ठिकाणी उतरतो. म्हणून अंतिम कारखान्याचे नाव लेखी घ्या. प्रत्येक संगणकाचा अनुक्रमांक यादीत लिहा, वजन तुमच्यासमोर करा, पावतीवर दोन्ही येऊ द्या. विल्हेवाटीचे प्रमाणपत्र माल उचलतानाच हातात दिले तर ते खोटे समजा. अजून काही तोडलेलेच नसते! ते नंतर यावे आणि त्यातले अनुक्रमांक तुमच्या यादीशी जुळावेत.

‘फक्त सीपीयू द्या, मॉनिटर नको’ म्हणणाऱ्याला काहीच देऊ नका. सीपीयूच्या खोक्यातल्या मदरबोर्डमध्ये (मुख्य सर्किट पट्टीत) तांबे आणि थोडे सोने असते, त्याला गिऱ्हाईक मिळते. काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये शिसे असते, तिच्या विल्हेवाटीला उलट खर्चच येतो. असा माणूस उरलेला कचरा कुठे टाकील, याची आम्हाला खरोखर काळजी वाटते. उघड्यावर वायरी जाळून तांबे काढतात तेव्हा वायरीवरच्या पीव्हीसी प्लास्टिकमधून डायॉक्सिनसारखी विषे निघतात, आणि ती आधी तिथे काम करणाऱ्यांच्याच छातीत जातात.

यूपीएसच्या शिशाच्या बॅटऱ्या वेगळ्या काढा. त्यांना बॅटऱ्यांसाठीचे २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर दाबू नका, टोचू नका. टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या खोक्यात द्या.

प्रश्न : त्याच वाचक विचारतात, विद्यार्थ्यांची माहिती फॉरमॅट केल्यावर जाते ना?

उत्तर : क्विक फॉरमॅटने जात नाही, फाइलींची अनुक्रमणिका तेवढी पुसली जाते. हार्ड डिस्कवर ‘ओव्हरराइट’ करा, म्हणजे जुन्या माहितीवर दुसरे काहीतरी लिहून ती झाका, किंवा ती काढून घेऊन आतल्या तबकडीला ड्रिलने आरपार भोके पाडा (डोळ्यांना चष्मा हवाच, काही तबकड्या काचेच्या असतात). एसएसडीत (तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कमध्ये) मात्र ओव्हरराइट भरवशाचे नाही, कारण ती नवी माहिती वेगळ्याच जागी लिहीत राहते. तिथे एसएसडी बनवणाऱ्या कंपनीची ‘सिक्युअर इरेज’ (सगळे पुसून टाकायची) सोय वापरा, नाहीतर प्रत्येक चिप फोडा.