लंडनच्या बागेत हा कुठला फुटबॉल?

प्रश्न: नमस्कार दादा, माझा मुलगा 24 वर्षांचा आहे, नोकरीसाठी लंडनला असतो. ऑफिसातल्या एका ऑस्ट्रेलियन मित्राच्या नादाने आता दर शनिवारी ‘फूटी’ खेळायला जातो. परवा त्याने व्हिडिओ पाठवला आणि माझ्या पोटात गोळाच आला, बिनबाह्यांचे टीशर्ट, ना हेल्मेट ना पॅड, आणि एक जण तर दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून बॉल पकडतोय! हे रग्बी आहे का? आणि इंग्लंडमध्ये ऑस्ट्रेलियाचा खेळ खेळणारे हे क्लब खरंच जुने वगैरे आहेत की आपलं चार मित्रांचं टोळकं?
— काळजीत पडलेली आई, नाशिक

उत्तर: ताई, आधी घोटभर पाणी प्या. रग्बी नाहीये हे. हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, मेलबर्नचा खेळ, आणि गंमत म्हंजे तो निघाला क्रिकेटवाल्यांच्या डोक्यातून. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटरने जुलै 1858 मध्ये तिथल्या पेपरात पत्र लिहिलं की हिवाळ्यात आपली पोरं नुसती बसून राहतात, त्यापेक्षा फुटबॉलचा एक क्लब काढू आणि नियम ठरवू, आणि मे 1859 मध्ये मेलबर्न क्लबने नियम कागदावर उतरवले पण. म्हणून मैदान आजही क्रिकेटसारखंच लंबगोल, दोन्ही टोकांना चार चार खांब, मधल्या दोन उंच खांबांमधून किक गेली की गोल, 6 पॉइंट, आणि बाजूच्या बुटक्या खांबाच्या आतून गेली तर ‘बिहाइंड’ म्हणून 1 पॉइंट. (थोडक्यात हुकलं तरी पॉइंट, हे मला फार आवडतं.) बॉल फेकून पास द्यायचा नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. आणि ते खांद्यावर गुडघा प्रकरण, ते नियमात बसतं. किक मारलेला बॉल 15 मीटर तरी आला असेल आणि टप्पा पडायच्या आत कोणी झेलला तर त्याला ‘मार्क’ म्हणतात, मग त्याला कोणी हात लावू शकत नाही, निवांत किक मारू देतात. त्या एका झेलासाठी ही सगळी चढाचढी चालते.

आता क्लबांचं. लंडनमध्ये हा खेळ शंभरेक वर्षांपूर्वीच पोचला, पण क्लब व्हायला 1989 उजाडलं, आणि मधे इतकी वर्षं का गेली यातच सगळी गोष्ट आहे.

28 ऑक्टोबर 1916. पहिलं महायुद्ध चालू, हजारो ऑस्ट्रेलियन सैनिक इंग्लंडमध्ये ट्रेनिंगला आलेले. त्यांनी वेस्ट केन्सिंग्टनच्या क्वीन्स क्लबवर एक सामना ठेवला, हो तोच क्वीन्स क्लब जिथे आता विम्बल्डनच्या आधी टेनिस असतं. एकीकडे ऑस्ट्रेलियन सैन्याची थर्ड डिव्हिजन (म्हंजे तुकडी), निळ्या जर्सीवर पांढरा ऑस्ट्रेलियाचा नकाशा, दुसरीकडे ट्रेनिंग युनिट्सची टीम, लाल जर्सीवर पांढरा कांगारू. साधारण तीन हजार लोक बघायला, त्यात प्रिन्स ऑफ वेल्स, पैसे रेडक्रॉसला. थर्ड डिव्हिजन 52–36 ने जिंकली. त्यांचा कॅप्टन ब्रूस स्लॉस, साउथ मेलबर्न क्लबचा नावाजलेला खेळाडू, सामन्यानंतर सव्वादोन महिन्यांत, जानेवारी 1917 मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. युद्ध संपलं, उरलेले बोटीत बसून घरी गेले आणि खेळही त्यांच्याबरोबर गेला.

त्यानंतर टिकला तो विद्यापीठात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची मुलं 1921 पासून एकमेकांशी खेळतायत, ऑस्ट्रेलियाबाहेरची ही सगळ्यात जुनी चालू असलेली लढत मानली जाते. पण तिथेही तेच, शिकायला आला, दोनतीन वर्षं खेळला, डिग्री घेतली की चालला.

मग ऑस्ट्रेलियाचे मोठे क्लबच पाहुणे म्हणून यायला लागले. ऑक्टोबर 1972 मध्ये कार्लटनची टीम ओव्हलवर प्रदर्शनी सामना खेळली. कुठलं ओव्हल? अहो आपलंच की, जिथे त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये अजित वाडेकरांच्या टीमने इंग्लंडला हरवून सिरीज खिशात घातली होती! त्याच मैदानावर 1987 मध्ये कार्लटन आणि नॉर्थ मेलबर्न यांच्यात ‘प्रदर्शनी’ म्हणताम्हणता इतकी हाणामारी झाली की तिचं नावच ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ पडलं. (ताई, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा.)

असे सामने बघायला गर्दी कोण करणार, तर लंडनमधलेच ऑस्ट्रेलियन. अर्ल्स कोर्ट भागात ते इतके राहायचे की त्याला ‘कांगारू व्हॅली’ म्हणायचे. शेवटी 1989 मध्ये वेस्ट लंडन वाइल्डकॅट्ससारखे क्लब उभे राहिले, ब्रिटिश लीग जमली आणि 1990 मध्ये पहिला सीझन झाला. एका क्लबचं नाव तर सरळ अर्ल्स कोर्ट कांगारूज. तीच लीग पुढे नाव बदलत बदलत आज एएफएल लंडन झालीये (एएफएल म्हंजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, ऑस्ट्रेलियातली या खेळाची सगळ्यात मोठी लीग). म्हंजे चार मित्रांचं टोळकं नक्कीच नाही, पण पगार वगैरे कोणाला नाही, सगळा हौशी मामला, वर्गणी काढायची, खांब स्वतः लावायचे स्वतः काढायचे.

माझं विचाराल तर या क्लबांना सगळ्यात जास्त कोणी छळलं असेल तर व्हिसाने. ऑस्ट्रेलियन पोरं यायची दोन वर्षांच्या व्हिसावर (2024 पासून तीन वर्षं झालाय), नुसती टीम बसायला लागली की निम्मे परत, पुन्हा शून्यापासून. त्यामुळे जे क्लब फक्त ‘आपल्या माणसांच्या’ भरवशावर राहिले ते डगमगले, आणि ज्यांनी इंग्रज, आयरिश, कोण येईल त्याला शिकवलं ते टिकले. आयरिश लोकांना तर सोपंच जातं, त्यांचा गेलिक फुटबॉल याचा चुलतभाऊ. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत तर निम्मे खेळाडू अमेरिकन हवेत असा नियमच आहे. तेव्हा तुमच्या मुलाला मित्राने उपकार म्हणून नेलं असं समजू नका, क्लबला त्याची गरज आहे. फक्त त्याला चांगला माउथगार्ड घ्यायला सांगा, तिथे काटकसर नको.

प्रश्न: अठरा जणांची टीम असते म्हणे, पण मी यूट्यूबवर युरोपातली मॅच पाहिली त्यात नऊच होते, बाकीचे सुट्टीवर का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: सुट्टीवर नाहीत, आलेच नाहीत! जागा पण नसते हो. या खेळाचं मैदान 135 ते 185 मीटर लांब लागतं, युरोपात मिळतं फुटबॉल नाहीतर रग्बीचं. मग नऊ-नऊ जणांत उरकतात. 2005 साली लंडनला या खेळाचा पहिला ईयू कप, म्हंजे युरोपातल्या टीमांची स्पर्धा, झाला तोही नऊ जणांचाच.

प्रश्न: भारताची टीम आहे का? आणि मॅच बघायची तर कधी?
— कॉलेजकुमार, पुणे

उत्तर: आहे ना. मेलबर्नला 2002 पासून इंटरनॅशनल कप व्हायचा, त्यात भारताची टीम 2008 मध्ये पहिल्यांदा उतरली. अट कडक, त्या त्या देशाचेच खेळाडू, ऑस्ट्रेलियन उसने चालायचे नाहीत. पहिल्या वेळी आपली भरपूर धुलाई झाली, पण ज्या देशात हा बॉल दुकानात मागितला तर दुकानदार रग्बीचा काढून देईल तिथून टीम गेली हेच खूप. बघायचं असेल तर ऑस्ट्रेलियातल्या एएफएलची ग्रँड फायनल बघ, साधारण सप्टेंबरचा शेवटचा शनिवार, मेलबर्नच्या एमसीजीवर, हल्ली आपल्या सकाळी 10 ला सुरू होते. लंडनवाले तेव्हा पहाटे साडेपाचला पबमध्ये जाऊन बसलेले असतात, तुला निदान चहापोहे खाऊन बघता येईल.