ती वही आधी परत द्या

कोल्हापूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते सहकारी बँकेत अधिकारी आहेत. मुलगी समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षाचे गुण एकंदरीत चांगले, पण संशोधन पद्धतीच्या पेपरात काठावर पास. पुढे पीएच.डी. करून समुपदेशक घडवायचं, म्हणजे या विषयात शिकवायचं, असं तिचं ठरलंय. वडिलांचा सवाल सरळ आहे: ज्या विषयात जेमतेम पास, त्यात पीएच.डी. कशी होणार? त्यांची आणखी एक तक्रार आहे. "चार मुली मिळून एकच संशोधन करतात, त्याला दोन-दोन मॅडम. दर शनिवारी आमच्या हॉलमध्ये बसून पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग तीन-तीन तास ऐकत बसतात. यात हिचं स्वतःचं काय?" शेवटी विचारलंय: नेट-सेट, बी.एड. की सरळ स्पर्धा परीक्षा?

नमस्कार साहेब,

परीक्षांचं नंतर बोलू. तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर मी अडले. मुलगी नेमकं काय करते ते बघावं म्हणून तुम्ही तिच्या टेबलावरची वही उघडलीत. त्यात तिने शाळेत भेटलेल्या एका मुलाबद्दलची टिपणं होती. "असलं ऐकून हिच्या डोक्यावर परिणाम होईल" असं म्हणत त्या मुलाची सगळी हकीकत तुम्ही मला लिहून पाठवलीत. ती मी इथे देणार नाही. ती माझ्यापर्यंत यायलाच नको होती, आणि तुमच्यापर्यंतही.

तुम्ही पुढे लिहिलंय की वहीत नाव नव्हतं, नुसता 'क-7' असा संकेत होता, पण मुलगा कोण ते तुम्ही ओळखलंत. कसं ओळखलंत? तपशील बदलून सांगते. वडील कुठल्या एमआयडीसीत आहेत, घर कुठल्या पेठेत आहे आणि मुलगा कुठल्या तालमीकडून फुटबॉल खेळतो, एवढं तिथे लिहिलेलं होतं. कोल्हापुरात एवढं पुरतं. तीन गोष्टी जुळल्या की चौथी कुणीही सांगतो. एका पंधरा वर्षांच्या मुलाने विश्वासाने जे सांगितलं, ते आता त्याच्या वडिलांना ओळखणाऱ्या एका माणसाला माहीत आहे. उद्या बँकेत ते वडील तुमच्यासमोर उभे राहिले तर तुमच्या नजरेत काय असेल, याचा विचार करून बघा.

मला वाटतं तुमचा हेतू वाईट नव्हता. मुलगी दिवसेंदिवस गप्प होत चालली आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि तुमची काळजी खरी आहे. दुसऱ्यांची दुःखं रोज ऐकणाऱ्याला त्रास होतो, झोप उडते, चिडचिड वाढते. पण वही चाळणं हा त्यावरचा उपाय नाही. तिची कामातली घालमेल ऐकून घेणारी, तिच्याच कामातली माणसं लागतात. ती तिला आहेत. ज्यांना तुम्ही वेळेचा अपव्यय म्हणता त्याच त्या चौघी आणि त्या दोन मॅडम.

म्हणून आज दोन गोष्टी करा. वही परत द्या आणि मी वाचली होती हे मुलीला स्वतःच्या तोंडाने सांगा. आणि ज्या-ज्या कुणाला ती हकीकत सांगितली असेल, घरातसुद्धा, त्यांना ती पुढे नेऊ नका असं सांगा. ती रागावेल, रागावू द्या. तिला हे कळणं गरजेचं आहे, कारण त्यानंतर ही गोष्ट तिच्या मार्गदर्शकांना सांगण्याची जबाबदारी तिची आहे. चूक तिचीही आहे, हे मी तिला कमी करून सांगणार नाही. क्लायंटची टिपणं घरात उघड्यावर राहत नाहीत. ती कुलपात राहतात, आणि संकेतांची यादी, म्हणजे 'क-7' कोण, ती वेगळ्या जागी. टिपण लिहिताना पेठ आणि तालीम यांची जागा 'शहरी वस्ती' आणि 'खेळाची आवड' असे शब्द घेतात. शनिवारची रेकॉर्डिंग हॉलमध्ये लागत असतील तर तेही थांबलं पाहिजे. दार बंद, कानाला हेडफोन, नाहीतर विभागात जागा मागून घ्यायची.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येते, कारण हे सगळं तिच्याशीच जोडलेलं आहे. संशोधन पद्धती म्हणजे सूत्रं आणि आकडेमोड, असं तुमच्या मनात आहे. पेपरही बऱ्याचदा तसाच निघतो: व्याख्या लिहा, प्रकार सांगा, फरक स्पष्ट करा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात एम.ए.च्या पहिल्याच सत्रात हा 4 क्रेडिटचा विषय आला. मुलांनी अजून एकही मुलाखत घेतलेली नसते, अशा वेळी त्यांना नमुना निवड पाठ करावी लागते. तिथे कमी पडलेले गुण मला फारसे काळजीचे वाटत नाहीत. नाव पुसलं तरी माणूस ओळखू येतो का? शाळेच्या मुख्याध्यापकांनी परवानगी दिली म्हणजे मुलाची संमती मिळाली का? हेही संशोधन पद्धतीचेच प्रश्न आहेत. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, मूल संशोधनात घ्यायचं तर पालकांची लेखी संमती लागतेच, शिवाय 7 ते 18 वयाच्या मुलाला त्याच्या वयाला समजेल असं सांगून त्याचा होकारही घ्यावा लागतो. हे नियम वर्गात तासाभरात शिकवता येतात. अंगवळणी मात्र ते कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करतानाच पडतात.

आकडे येऊ नयेत असं मी म्हणत नाही. ते तिला आलेच पाहिजेत, आणि त्याचं कारण तुमच्या गावातच सापडेल. दहावीच्या निकालानंतर किती पालक मुलाच्या बोटांचे ठसे देऊन 'बुद्धिमत्तेचा रिपोर्ट' घेऊन येतात! त्या 'डीएमआयटी' नावाच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, तरी छान रंगीत छापलेला रिपोर्ट बघून लोक पैसे मोजतात. परदेशात तयार झालेली अभिक्षमता चाचणी मराठीत भाषांतर करून, आपल्याकडच्या मुलांवर न तपासता, जशीच्या तशी वापरणारेही आहेत. हा गुणांक कुणाच्या तुलनेत काढला, चाचणी पुन्हा दिली तर तोच येईल का, मराठी वाक्याचा अर्थ मुलाला तोच लागला का, हे प्रश्न ज्या समुपदेशकाला पडत नाहीत त्याच्याकडे मी माझा भाचा पाठवणार नाही. तेव्हा त्या पेपरातलं कच्चं राहिलेलं तिने पक्कं करायचंच आहे, पण स्वतःच्या माहितीवर, स्वतःच्या हाताने तक्ते मांडून.

आता 'चौघींचं मिळून, म्हणजे कुणाचंच नाही' हा तुमचा समज. तो तुमचा एकट्याचा नाही, पुष्कळ प्राध्यापकांचाही आहे. पण या क्षेत्रात एकट्याने केलेल्या कामावर विश्वास कमी ठेवतात, जास्त नव्हे. चौघी एकच संभाषण आधी आपापलं वाचतात, कुठल्या वाक्याला काय म्हणायचं ते वेगवेगळं लिहितात, मग एकत्र बसून कुठे जुळलं आणि कुठे नाही ते बघतात. समजा, मुलाने उत्तर द्यायला वेळ घेतला. एकीने लिहिलं 'भीती', दुसरीने 'विचार करतोय', तिसरीने 'प्रश्नच कळला नाही'. मग पुन्हा ऐकायचं. ज्या मुलीच्या घरी वडिलांचा दबाव आहे, तिला प्रत्येक गप्प मुलाच्या मागे वडीलच दिसू शकतात, आणि हे तिला तिचं तिला कधी कळत नाही. ते शेजारी बसलेली मैत्रीण दाखवून देते. दोन वाचकांचं किती जुळतं हे मोजायला जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये 'कॅपा' (kappa) नावाचा गुणांक मांडला, तो आजही वापरतात. पाच मिनिटांच्या रेकॉर्डिंगला तीन तास लागतात ते यामुळे. शिवाय चौघींची माहिती एक असली तरी प्रबंध चार असतात, प्रत्येकीचा प्रश्न वेगळा. फक्त एक सावधगिरी: पद्धतीचं प्रकरण एकमेकींचं बघून लिहू नका. यूजीसीच्या 2018च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच साम्य चालतं, आणि अशा कामात ते नेमकं तिथेच वाढतं.

रेकॉर्डिंग एकत्र ऐकण्याची ही रीत तुमच्या मुलीच्या मॅडमनी काढलेली नाही. 1940च्या सुमारास अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी समुपदेशनाची सत्रं ध्वनिमुद्रणाच्या तबकडीवर घ्यायला सुरुवात केली. तबकडी काही मिनिटांतच संपायची, पण त्यांनी नेट लावला, आणि 1942 मध्ये एका माणसाच्या आठही सत्रांचं शब्दन् शब्द छापून आलं. तोपर्यंत बंद खोलीत समुपदेशक काय बोलतो हे तो सांगेल तेवढंच बाहेर कळत असे. रॉजर्स यांचा विद्यार्थी बर्नार्ड कोव्हनर याने पुढे रेकॉर्डिंग आणि समुपदेशकाने मागाहून लिहिलेली टिपणं शेजारी ठेवून तपासली. टिपणांतून बोलण्याचा मोठा भाग गळून गेलेला निघाला. या विद्याशाखेचं शिक्षण आणि तिचं संशोधन एकाच यंत्रासमोर, गुरू आणि विद्यार्थी शेजारी बसून सुरू झालं आहे. तुमच्या हॉलमधल्या शनिवारी तेच चालतं, फक्त हॉल चुकीचा आहे.

दोन मॅडमबद्दलही तुम्ही कुरकुर केलीत. मला तर ते ऐकून बरं वाटलं. एकीला मुलाखतींची पद्धत नीट येते, दुसरी शाळांत वर्षानुवर्षं काम करते, असं तुमच्याच पत्रातून कळतं. एकाच मार्गदर्शकाच्या हाताखाली सगळं असलं की विद्यार्थ्याचा प्रबंध, शिफारस, नोकरी, सगळं त्या एका माणसाच्या मर्जीवर जातं. घरची कामं करणारे, सरांच्या निबंधासाठी तक्ते भरून देणारे आणि शेवटी नावही न लागलेले संशोधक विद्यार्थी माझ्याकडे येतात. तिथे दाद मागायला दुसरं माणूसच नसतं. फक्त हे सगळं तोंडी ठेवू नये. कोण काय करणार, माहिती कुणाकडे राहणार, निबंध छापला तर नावं कुठल्या क्रमाने, हे सहा जणींनी एका कागदावर आत्ताच लिहून सह्या कराव्यात. हे मैत्री असतानाच लिहून होतं.

तुमच्या परीक्षा. नेट आणि सेट तिने द्याव्यात, एम.ए.ला 55 टक्के असले की बसता येतं. शाळेच्या वर्गात शिकवायचं नसेल तर बी.एड.मध्ये दोन वर्षं घालवू नयेत. शाळेतल्या समुपदेशनासाठी एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा डिप्लोमा बघावा. स्पर्धा परीक्षा तिने मागितलेली नाही, तुम्ही मागितली आहे. धाकट्यासाठी दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्राचं विचारलंत, ते विसरा. यूजीसीने जुलै-ऑगस्ट 2025च्या सत्रापासून ते बंद केलं आहे. आणि एम.ए.नंतर तिला 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येणार नाही, त्यासाठी आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी लागते. हे पाहुण्यांना सांगताना लक्षात ठेवा.

राहिली पीएच.डी. इथे मी तुमच्या बाजूने बोलते आहे असं वाटेल, पण माझं कारण वेगळं आहे. तिने लगेच पीएच.डी. करू नये. समुपदेशक घडवायचे तर आधी समुपदेशन केलेलं हवं. अमेरिकेत समुपदेशक-शिक्षणाची वेगळी डॉक्टरेट आहे, तिच्या पाच अंगांत समुपदेशन, पर्यवेक्षण आणि अध्यापन ही संशोधनाच्या बरोबरीने धरलेली आहेत. आपल्याकडे ती पदवी मानसशास्त्रात किंवा शिक्षणशास्त्रात मिळते आणि कधीही क्लायंटसमोर न बसलेला माणूसही ती घेऊ शकतो. मग तोच उद्या एम.ए.च्या मुलांना 'तादात्म्य' शिकवतो, फळ्यावर. तिने दोन-तीन वर्षं एखाद्या शाळेत किंवा रुग्णालयात, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करावं. शनिवारची बैठक नोकरी लागल्यावरही चालू ठेवावी. पीएच.डी.ला किमान 3 वर्षं लागतात आणि नियमाने 6 पर्यंत जातात. एवढी वर्षं टिकेल असा प्रश्न पुस्तकातून मिळत नाही, तो कामातून येतो. तिच्याकडे एक प्रश्न तर आत्ताच आहे: सगळे सगळ्यांना ओळखतात अशा गावात समुपदेशक गोपनीयता कशी पाळतो, आणि हे त्याला शिकवायचं कसं? दुर्दैवाने तो तुमच्यामुळे तिच्या घरात आला.

पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या. तिला पीएच.डी. का करायची आहे, हे मला तुमच्या पत्रातून कुठेही कळलेलं नाही.