‘मेट्रिक’ला ‘दशमान’ म्हणावं का, आणि सूत, तोळा, गुंठा यांचं काय करायचं?

प्रश्न असा आलाय: “मेट्रिक पद्धतीला मराठीत दशमान पद्धत म्हणणं बरोबर आहे का? इम्पिरिअलला काय म्हणायचं? आमच्या साइटवर मिस्त्री अजून फूट-इंच-सूतच बोलतात, त्यावरून चहाच्या वेळी रोज वाजतं. तरुण इंजिनिअर म्हणतात ही इंग्रजांची गुलामी, जुने लोक म्हणतात तुमचे मिलिमीटर कागदावरच ठेवा.”

दशमान म्हणायला काहीच हरकत नाही, शाळेच्या पुस्तकांनी तो शब्द रुजवलाय आणि मला तो आवडतोही. ‘मान’ हा मोजणे अर्थाच्या ‘मा’ धातूतून आलेला, प्रमाण, परिमाण, मात्रा हे त्याचेच भाऊबंद, आणि मीटरच्या मुळाशी असलेला ग्रीक ‘मेत्रोन’सुद्धा त्याच कुळातला मानतात. फक्त दोन्ही शब्दांचा अर्थ तंतोतंत एक नाही. दशमान म्हणजे दहाच्या पटीत चालणारं काहीही. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे गेले आणि शंभर नये पैसे आले, ते दशमान झालं पण मेट्रिक नाही, कारण त्यात मीटर-ग्रॅमचा काही संबंधच नाही. (आणि दहावीची ‘मॅट्रिक’ हा पूर्ण वेगळा शब्द, तो मॅट्रिक्युलेशनचा, दोन्हीची सरमिसळ नको.)

इम्पिरिअलला ब्रिटिश पद्धत म्हणा, किंवा फिजिक्सवाले म्हणतात तसं फूट-पौंड-सेकंद. ते नाव ब्रिटनच्या १८२४ च्या कायद्याचं आहे, त्यामुळे अमेरिकेची मापं इम्पिरिअल म्हणणं चूक. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा.

आता भांडणाकडे येऊ. गुलामीचा मुद्दा मला पटत नाही, पण तो मांडणाऱ्यांची कळकळ खोटी नाही हेही खरंय. इंच इंग्रजांचा तसा मीटर फ्रेंचांचा, १७९० च्या दशकातला. आपलंच म्हणायचं तर तसू, वीत, हात, कोस, शेर, पायली म्हणावं लागेल. आणि १९५९ पासून इंचाची व्याख्याच बरोब्बर २५.४ मिलिमीटर अशी आहे, म्हणजे इंच म्हणणारासुद्धा शेवटी मीटरवरच उभा आहे.

माझ्या घरी कपाटाचं काम चालू होतं तेव्हाचं सांगतो. ड्रॉइंगवर उंची होती १७३७ मिलिमीटर. सुतारकाकांनी टेप लावली, कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीवर लिहिलं ‘६८ – ३ सूत’. मी हिशेब करून बघितला, इंचाचे आठ सूत, म्हणजे अडुसष्ट इंच आणि तीन अष्टमांश, १७३६.७ मिलिमीटर. टेप एकच, वरच्या कडेला इंच आणि खालच्या कडेला सेंटीमीटर. तेच काका प्लाय मागवताना म्हणाले “आठ बाय चारची अठरा एमएम”, लांबी-रुंदी फुटात आणि जाडी मिलिमीटरमध्ये, एका दमात. सळईचंही तेच, ‘तीन सूत’ म्हटलं की दुकानदार दहा एमएमची देतो, खरे तीन सूत साडेनऊच्या जवळ येतात तरी.

यातच मला या वादाचं मराठी उत्तर दिसतं. १९५६ चा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने नवी वजनं आली, आणि लोकांनी काय केलं तर जुना शब्द ठेवला आणि त्यात नवं माप भरलं. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. आज मंडईत ‘पावशेर मिरच्या’ म्हटलं की अडीचशे ग्रॅमच मिळतात. तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आता सराफाकडे तो दहा ग्रॅमचा झालाय. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेलं असतं आणि गावात आरला सर्रास गुंठा म्हणतात.

पण मेट्रिकचा आग्रह धरणाऱ्यांचं खरं बळही इथेच आहे आणि ते जुन्या लोकांनी ऐकलं पाहिजे. आजीच्या पाटल्या घरात कायम ‘पाच तोळ्याच्या’. आजी गेल्यावर वाटणीच्या वेळी पाटल्या तोलल्या तर काटा ५८ ग्रॅमवर. मावशी म्हणे पाच तोळे म्हणजे पन्नास, काटा बिघडलाय, परत तोला. मामा म्हणे आजी खोटं बोलायची नाही. दोघंही बरोबर होते, आजीचा तोळा जुना आणि मावशीचा नवा, शब्द तोच राहिल्यामुळे फरक कुणाला दिसलाच नाही. जमिनीतही गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, आणि आर नेमका शंभर. एक-दोन गुंठ्यांत काही कळत नाही, पण हेक्टरमागे एका गुंठ्याहून जास्त फरक पडतो आणि त्यावर घर उभं राहतं. म्हणून माप एका हातातून दुसऱ्या हातात जातं तिथे, बिलावर, खरेदीखतात, ड्रॉइंगवर, एकक लिहायलाच हवं आणि ते मेट्रिक असावं. आपल्या हातानं कापायचं, आपल्याच भिंतीवर लिहायचं, तिथे सूत का चूक ठरवायचं?

आणि भाषेच्या बाजूने बघाल तर जुन्या मापांना मराठीत एक सोय आहे. अर्धा, पाव, अर्धपाव अशा निम्म्या-निम्म्याने चालणाऱ्या हिशेबाला आठ सुतांचा इंच आणि सोळा आण्यांचा रुपया बरोबर बसतो. पूर्वी मुलं पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करायची ते त्यासाठीच. शिवाय इंच, फूट, वार यांना ‘ई’ लागते: दोन इंची पाइप, दहा फुटी शिडी, नऊवारी लुगडं. ‘पाच सेंटीमीटरी खिळा’ कुणी म्हणत नाही.

म्हणून मेट्रिक मराठीत मुरलंच नाही असं मात्र नाही. माझी कसोटी ‘भर’ प्रत्ययाची आहे. वीतभर, हातभर, इंचभर, तसूभर हे जुनेच, पण किलोभर साखर, लिटरभर दूध, मीटरभर कापड हेही आता कुणाच्या कानाला खटकत नाही. सेंटीमीटरभर अजून मी ऐकलेलं नाही. तुमच्या साइटवर कुणी मिस्त्री ‘एमएमभर सरकव’ म्हणताना कानावर आलं तर मला नक्की कळवा, कुठल्या गावचे आहेत तेही विचारून ठेवा.