गाडीच्या विम्यात ‘लीगल कव्हर’ वेगळे घ्यावे का?

आपण घोडबंदर रोडला राहता, गाडीच्या विम्याचे नूतनीकरण जवळ आले आहे, एजंटने पाठवलेल्या कोटेशनमध्ये ‘लीगल’ या नावाने जादा रक्कम लावलेली आहे आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले आपले बंधू म्हणतात की हे कव्हर घ्यायलाच हवे. म्हणून ते घ्यावे का, असे आपण विचारले आहे. स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्या कुटुंबाला या कव्हरची, म्हणजे वकिलाच्या सल्ल्याच्या किंवा खर्चाच्या संरक्षणाची, बहुधा गरज नसते, असे माझे मत आहे. ज्या खटल्याची आपल्याला सर्वांत जास्त धास्ती वाटते, तो लढण्याची तरतूद मूळ पॉलिसीतच असते आणि तिचे पैसे आपण आधीच भरत असतो. माझ्या नोकरीची बरीच वर्षे एका सर्वसाधारण विमा कंपनीच्या थर्ड पार्टी दाव्यांच्या विभागात गेली, त्यामुळे हे मत केवळ पुस्तकी नाही.

सर्वांत आधी कोटेशनमधील ती ओळ नीट वाचा. ‘लीगल लायबिलिटी टू पेड ड्रायव्हर’ असे लिहिले असेल आणि रक्कम ५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५९ रुपये असेल, तर ते वकिलाच्या खर्चाचे कव्हर नव्हेच. आपल्या पगारी चालकाला कामावर असताना अपघात झाला, तर मालक म्हणून आपल्यावर येणाऱ्या भरपाईच्या जबाबदारीचे ते संरक्षण आहे. चालक ठेवलेला असेल तर ते काढू नका. इतक्या कमी पैशांत इतके उपयोगी दुसरे काही पॉलिसीत मिळत नाही. चालक नसेल तर त्याचा उपयोग नाही. ‘लीगल’ हा शब्द पाहून दोन वेगळ्या गोष्टी एकच समजणारे लोक मी सतत पाहिले आहेत.

आता खऱ्या लीगल कव्हरकडे येऊ. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी जखमी झाले, तर भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येते आणि तिला रकमेची मर्यादा नाही. पॉलिसीच्या याच थर्ड पार्टी भागात पुढे एक कलम आहे, जे विमाधारक सहसा वाचत नाहीत. पॉलिसीखाली येणाऱ्या घटनेसंबंधी कोणत्याही न्यायालयातील बचाव कंपनी स्वतःच्या मर्जीने हाती घेऊ शकते आणि तिच्या लेखी संमतीने झालेला खर्च ती सोसते, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात घडते ते असे: जखमी व्यक्ती किंवा मृताचे वारस ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करतात, त्यात गाडीमालकाबरोबर विमा कंपनीलाही पक्षकार करतात आणि कंपनीच्या पॅनेलवरील वकील हजर राहून दावा लढवतात. भरपाईच्या रकमेवर, वयावर, उत्पन्नाच्या पुराव्यावर, चूक कोणाची यावर जो काही युक्तिवाद व्हायचा तो तेच करतात. त्यासाठी आपल्याला निराळे कव्हर लागत नाही.

लागते ती वेगळीच गोष्ट, आणि ती फुकट आहे. अशा दाव्याची फाइल उघडली की आत एफआयआरची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल, लायसन्स, आरसी आणि पॉलिसी असे कागद एकामागे एक टाचलेले असतात. ऐरोलीच्या एका गृहस्थांच्या फाइलमध्ये यातले लायसन्सच नव्हते. समन्स आले तेव्हा त्यांनी ते कपाटात ठेवून दिले होते. विमा आहे, कंपनी बघून घेईल, असे त्यांना वाटले. त्यांचे लायसन्स वैध होते, पण ते दाखवायला न्यायाधिकरणापुढे कोणी आलेच नाही आणि लायसन्स नसल्याचा मुद्दा त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. पुढे कागद मिळाला आणि प्रकरण सावरले, तरी मधला मनस्ताप टाळता आला असता. म्हणून समन्स, नोटीस, वकिलाचे पत्र, जे काही हाती पडेल ते लगेच कंपनीकडे लेखी पाठवा आणि पोच घ्या. अपघाताच्या जागी किंवा पोलीस ठाण्यात भावनेच्या भरात ‘सगळी भरपाई मी देतो’ असे लिहून देऊ नका, कारण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली किंवा आश्वासन देण्यास पॉलिसीच्या अटींत मनाई आहे. जखमीला रुग्णालयात नेणे मात्र आपले कर्तव्य आहे आणि ते केल्याने ही अट मोडत नाही.

एका परिस्थितीत मात्र कंपनीचा वकील आपला वकील राहत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स नव्हते, तो दारूच्या अमलाखाली होता किंवा खासगी गाडी भाड्याने चालवली जात होती, असा आरोप असेल तर कंपनी स्वतःची जबाबदारी नाकारते आणि तिचे व आपले हित परस्परविरोधी होते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वरनसिंग प्रकरणात सांगितले की अटीचा भंग सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे आणि मालकाने निष्काळजीपणा केला हेही तिला दाखवावे लागते. तरीही अशा प्रकरणांत कंपनीने आधी पीडितांना पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश होतात. त्या वसुलीपुढे उभे राहायला स्वतःचा वकील लागतो. लीगल कव्हर इथे उपयोगी पडेल असे वाटते, पण त्याच्या अपवादांत लायसन्स नसणे आणि मद्यप्राशन हीच कारणे सहसा पहिली असतात. ज्या दिवशी त्याची खरी गरज भासते, त्याच दिवशी ते लागू नसते.

मग ते कुठे कामाला येते? पोलीस ठाण्यात. पाम बीच रोडवर किंवा माजिवड्याच्या पुलाखाली गाडीचा धक्का लागून कोणी जखमी झाले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली गुन्हा नोंदवला जातो. मृत्यू झाला तर कलम १०६(१) लागते, ज्यात पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ही कलमे जामीनपात्र आहेत, म्हणजे जामीन हा आपला हक्क आहे, पण रात्री अकरा वाजता जामीनदार आणि त्याचे कागद जुळवताना घाबरलेल्या माणसाला हे सांगणारे कोणीतरी शेजारी लागते. गाडी जमा झाल्यावर निरीक्षकाची तपासणी होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ नुसार सोपस्कार पूर्ण झाल्यावर तपासणीची गाडी २४ तासांत परत करायची असते, पण गुन्ह्यात जप्त झाली असेल तर न्यायालयात अर्ज करून सुपुर्तनाम्यावर, म्हणजे मागेल तेव्हा गाडी हजर करण्याच्या लेखी हमीवर, सोडवून घ्यावी लागते. फौजदारी बचावासाठी विमा कंपन्या मूळ पॉलिसीतील तो पर्याय क्वचितच वापरतात, त्यामुळे हा वकील आपल्यालाच करावा लागतो. चांगले लीगल कव्हर या खर्चाचा काही भाग उचलते. दंड मात्र कोणतेही कव्हर भरत नाही.

पण ‘चांगले’ म्हणजे कोणते, हे आपल्याला वाचूनच ठरवावे लागेल. इथे विकले जाणारे एक कव्हर म्हणजे फक्त फोनवर सल्ला देणारी सेवा असते, दुसऱ्यात वकिलाची फी पावतीवर परत मिळते आणि तिची मर्यादा ठरलेली असते. फोनवरच्या सल्ल्यासाठी मी पैसे देणार नाही. आपल्या ओळखीत ठाण्याच्या न्यायालयात फौजदारी काम करणारे एखादे वकील असतील, तर त्यांचा क्रमांक घरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवलेला अधिक बरा.

आपल्या बंधूंचे म्हणणे त्यांच्या देशापुरते बरोबर आहे. ब्रिटनमध्ये हे कव्हर मुख्यतः दुसऱ्या चालकाकडून आपले विम्याबाहेरचे नुकसान वसूल करण्यासाठी असते: स्वतः सोसावी लागणारी एक्सेसची रक्कम, बुडालेले वेतन, पर्यायी गाडीचे भाडे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ३१ मे २०२१ पासून रस्ते अपघातातील इजेच्या लहान दाव्यांची मर्यादा ५,००० पौंडांवर नेली गेली आणि त्या मर्यादेखालील दाव्यांत जिंकल्यावरही वकिलाची फी सहसा समोरच्याकडून मिळत नाही, म्हणून तिथे ते कव्हर विचारात घेण्यासारखे आहे. त्यालाही दावा जिंकण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असावी, ही अट असतेच. आपल्याकडे बंपर चेपला तर आपण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेज विम्यातून दुरुस्ती करून घेतो आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे आपण स्वतः सोसायची रक्कम, १,००० रुपये असते. एवढ्या रकमेसाठी कोणी वर्षानुवर्षे खटला चालवत नाही. उलट आपण स्वतः किंवा घरातले कोणी जखमी झाले, तर न्यायाधिकरणात दावा आपणच करायचा असतो, आणि तो खर्च आपल्या कोटेशनमधील कव्हरमध्ये धरला आहे का, हे जरूर विचारा. असा दावा करण्याची वेळ आलीच तर टक्केवारीवर काम करतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. भरपाईच्या रकमेत वाटा घेण्यास वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.

कंपनीने आपलाच क्लेम नाकारला तर लीगल कव्हर कामी येईल, अशीही आशा काही जण बाळगतात. ज्या कंपनीने कव्हर दिले तिच्याविरुद्धच्या वादाला ते सहसा लागू नसते. त्या वादासाठी विमा लोकपाल आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, ३० दिवसांत समाधान झाले नाही तर लोकपालाकडे जावे. तिथे शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. ग्राहक आयोगातही आपली बाजू स्वतः मांडता येते.

त्यापेक्षा एका जागी मात्र बारकाईने पाहा, असा माझा आग्रह आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी थर्ड पार्टी विम्याची मर्यादा खासगी गाडीला ७,५०,००० रुपये असते. ती ६,००० रुपयांवर आणली तर प्रीमियममध्ये केवळ १०० रुपयांची सूट मिळते, आणि कोटेशन स्वस्त दिसावे म्हणून कधी कधी हा पर्याय निवडलेला असतो. घोडबंदर रोडवर पुढच्या महागड्या गाडीचा नुसता दिवा फुटला तरी ६,००० रुपये पुरणार नाहीत. वरची सगळी रक्कम आपल्या खिशातून जाईल आणि कोणतेही लीगल कव्हर ती भरून देणार नाही. हा पर्याय निवडलेला असेल तर तो आधी काढायला लावा.

एजंटकडून माहितीपत्रक न मागता पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागवा आणि तीन गोष्टींचे उत्तर ई-मेलवर घ्या: फी परत मिळते की फक्त सल्ला, फौजदारी बचाव धरला आहे का, आणि वकील आपण निवडायचा की त्यांनी. तिन्ही उत्तरे आपल्या बाजूची असतील आणि घरची गाडी तरुण मुले किंवा पगारी चालक रोज चालवत असतील, तर घ्यायला हरकत नाही. एरवी ती ओळ काढून टाका. उत्तर यायला उशीर लागला तर लीगल कव्हरशिवाय नूतनीकरण करून घ्या, पण मूळ पॉलिसीची तारीख ओलांडू देऊ नका. मध्ये एक दिवस जरी विम्याविना गेला आणि त्याच दिवशी अपघात झाला, तर न्यायाधिकरणात कंपनीचा वकील आपल्या बाजूने उभा नसेल आणि भरपाईची पूर्ण रक्कम आपल्या नावावर लागेल.