ख्रिस्ती शाळेत प्रत्येक धड्याला बायबलचं वचन जोडून अभ्यासक्रम कसा तयार करावा?

तुमची शाळा चर्चची, अनुदानित, निम्मी मुलं हिंदू. व्यवस्थापनाला पाचवी ते आठवीचा श्रद्धेवर आधारलेला अभ्यासक्रम हवाय आणि तुम्ही विचारताय, कुठून सुरुवात करू?

वचनं चिकटवण्यापासून तरी नको. मी ते करून बसलोय. मी फोंड्याकडचा, हिंदू, गोव्यातल्या एका चर्चच्या शाळेत विज्ञान शिकवतो. अभ्यासक्रमाच्या समितीत मला घेतलं ते बहुतेक अक्षर चांगलं म्हणून. प्रकाशसंश्लेषणाच्या धड्याला आम्ही उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातलं ‘प्रकाश होवो’ जोडलं. फळ्यावर लिहितोय तोच दोतोर्नीला, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, नेमाने जाणारी एक मुलगी उभी राहिली. ‘सर, झाडं तिसऱ्या दिवशी झाली, सूर्य चौथ्या. मग एक दिवस झाडं जेवली काय?’ वर्ग फुटला. संध्याकाळी फादरांना सांगितलं, तर ते पोट धरून हसले. म्हणाले, ‘ते पुस्तक विज्ञानाचं नव्हे. दोघांना एका खुंटीला कशाला टांगलंत?’

आधी दोन तास वेगळे करा. कॅथलिक मुलांचं धर्मशिक्षण निराळं, सगळ्यांचं मूल्यशिक्षण निराळं. राज्यघटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना शाळा चालवायचा हक्क दिलाय, पण कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवायचं तर पालकाची संमती हवी. ती लेखीच घ्या. पुढची कटकट वाचते.

खरी मेहनत दुसऱ्या तासावर. आम्ही सातवीला मत्तयच्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट घेतली. मालक पहाटे मजूर आणतो, मग नऊला, बाराला, तीनला, शेवटचे पाचला. आणि सांजेला सगळ्यांच्या हातावर एकेकच दिनार. आमच्या पोरांनी द्राक्षमळा बघितलेला नाही, काजूचं भाट, म्हणजे बाग, मात्र पाठ आहे. मी मळ्याचं भाट केलं. एक मुलगा तडकलाच: ‘माझी आई सकाळपासून ओणवून बोंडू वेचणार आणि पाचला आलेल्यालाही तेवढेच? तो भाटकार पिसो!’ (बोंडू म्हणजे काजूची फळं, भाटकार म्हणजे भाटाचा मालक, पिसो म्हणजे वेडा.) मागच्या बाकावरून आवाज आला, ‘आणि पाचपर्यंत ज्याला कोणी बोलावलंच नाही, त्याच्या घरी चूल पेटवायची नाही?’ दुसऱ्या दिवशी गणिताच्या बाईंनी त्याच गोष्टीवर तासाची मजुरी काढायला लावली: बारा तास, नऊ, सहा, तीन, एक. तेव्हा वाद पुन्हा पेटला. कोण कुठल्या देवाचा, हे त्यात कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

हे काही आमचं नवं डोकं नव्हे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट मिशनरी १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याने बायबलची कथा मराठी ओव्यांत रचली, ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्याच राशोलला छापलं गेलं. ऐकणाऱ्यांच्या कानाला पुराणाची सवय होती, म्हणून त्याने पुराणच लिहिलं. (आपल्या समित्या मात्र अजून बाहेरचे तयार आराखडे उतरवून काढतात.)

धर्मशिक्षणाचा मजकूर फादर-सिस्टरांवर सोडा, त्यात आपण लुडबुडू नये. मूल्यशिक्षणाला गुण देऊ नका. दिलेत की पोरं तुम्हाला आवडेल तेच लिहितात आणि भाटकाराला कोणी पिसो म्हणत नाही. वर्षभर एकच इयत्ता धरा, आठ-दहा गोष्टी पुष्कळ झाल्या. आणि तास मधल्या सुटीच्या आधीचा मागून घ्या, घंटा झाली तरी भांडण डब्यावर चालू राहतं.