रॅकवर माल, स्क्रीनवर वजा

प्रश्न : आमच्या छोट्या कारखान्यातला साठ्याचा हिशेब वहीतून क्लाउड सॉफ्टवेअरवर आणला. तीन आठवड्यांत पोलादी बारचा साठा वजा दिसू लागला, रॅकवर मात्र माल पडून आहे. सॉफ्टवेअर चुकतंय का?

उत्तर : बहुधा नाही. बार खरेदी होतो किलोत, मशीनवर जातो नगात, आणि मधला हिशेब कुणी जुळवलेलाच नसतो. गोल बारच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे झालं मीटरमागे किलोत वजन. २५ मिमीला ते ३.८६ किलो, म्हणजे ६ मीटरचा बार साधारण २३.१५ किलो. हा गुणक आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या त्या मालाच्या मूळ नोंदीत, भरा. कापताना पात्याच्या जाडीइतका माल भुशात जातो, तोही धरा. वापरण्याजोगे तुकडे वेगळ्या कोडखाली परत जमा करा.

दुसरी गोची तारखांची. माल सकाळी येतो, दुपारी मशीनवर चढतो आणि आवक नोंदवली जाते बिल आल्यावर, चार दिवसांनी! आवक गेटवरच, मालासोबत आलेल्या चलनावरून (डिलिव्हरी चलान) नोंदवा, बिल मागाहून जोडता येतं. वजा साठ्याला परवानगी देणारी सेटिंग बंद ठेवा. स्टोअरकीपर वैतागेल, वैतागू द्या. नेट गेलं तर क्रमांक टाकलेल्या चिठ्ठ्या लिहा आणि त्याच क्रमाने नोंदी चढवा. आरंभीचा साठा मात्र एक दिवस काम थांबवून नव्याने मोजावाच लागेल.